सहा फूट दोन इंच

बस डेपोच्या स्टोअरमध्ये ताईने एकतीस वर्षं काढली. स्टोअर म्हणजे एक लांबच लांब, बिनखिडकीची खोली. दोन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत कप्पेच कप्पे. मेकॅनिक दारातल्या फळीशी यायचा, "ते मागच्या दाराचं, गोल, रबराचं" एवढंच म्हणायचा, आणि ताई पाठ न वळवता हात मागे नेऊन नेमकं तेच काढून द्यायची, असं डेपोत सांगत. यात थोडी अतिशयोक्ती होती. पाठ ती वळवायची. शोधायची मात्र नाही.

लोक तिला कप्पेवाली ताई म्हणायचे. एखादा चेष्टेखोर मुद्दाम विचारायचा, "ताई, माझी अक्कल हरवलीय. कुठल्या कप्प्यात बघू?"

"ती स्टोअरला कधी आलीच नाही," ताई मान वर न करता सांगायची. "आवक नोंद नाही तिची."

तिच्या कामाच्या दोन रीती होत्या. नवी मांडणी करायची तर आधी पुठ्ठ्यात करायची, आठवडाभर तिच्यासोबत वावरायचं, कोपर कुठे आपटतं, वाकताना काय आड येतं ते बघायचं, आणि मगच सुताराला बोलवायचं. ही एक. दुसरी म्हणजे, माल डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करायची नाही. समोर साहेब उभा असो नाहीतर साहेबाचा साहेब.

त्या डेपोतून रोज दीडशे गाड्या सुटायच्या. ताई त्यांतल्या एकीतही बसून लांब कुठे गेली नव्हती. आधी आईचं आजारपण, मग वडिलांचं, मग धाकटीचं मोडलेलं लग्न. कुणी अडवलं नव्हतं तिला. पण निघायची वेळ झाली की घरात काहीतरी जागच्या जागी ठेवायचं राहिलेलं असायचं.

धाकटी बहीण तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. लोकांना गाडी चालवायला शिकवायची. शिकाऊ माणूस ट्रकसमोर गाडी घालत असला तरी ही शेजारच्या सीटवर बसून सफरचंद खायची, इतकी थंड डोक्याची. आणि घरी आली की दारातूनच ओरडायची, "ताई, माझा चष्मा?"

"डोक्यावर."

बारा वर्षं दोघी एकत्र राहत होत्या, काच कापणाऱ्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत. खालून दिवसभर काचेवर हिरा ओढल्याचा बारीक आवाज यायचा. पाहुण्यांचे दात शिवशिवायचे. या दोघींना तो ऐकूही येत नसे.

ताईच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा धाकटीनेच विषय काढला होता. एक उंच, दणकट गाडी घ्यायची, चारही चाकांना जोर असलेली, जुनी का असेना. आणि नकाशावरची रस्त्याची रेघ जिथे तुटक होते तिथून पुढे जायचं. तीन महिने. वाळूतून, दगडांतून, कोरड्या नदीपात्रांतून. रात्री गाडीतच झोपायचं. "मी चालवते, तू लाव," धाकटी म्हणाली होती. ताई हसली होती, पण ते वाक्य तिने कुठेतरी आत, हाताशी येईल असं ठेवून दिलं होतं.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच महिन्यात गाडी आली. कागदावर दोघींची नावं लागली. पहिलं ताईचं, कारण ती थोरली. आणि मग ताईने मागच्या भागात काय बसवायचं ते ठरवायला घेतलं. मागची सीट काढून तिथे ड्रॉवर बसवायचे, ड्रॉवरवर सपाट फळी, आणि फळीवर दोघींचं अंथरूण. ऐकायला सोपं वाटतं. ताईला त्यासाठी पाच आठवडे लागले.

आधी तिने बाहेरच्या खोलीत जमिनीवर खडूने गाडीची आतली मापं आखली, चाकांच्या उंचवट्यांसकट. मग पुठ्ठ्याचे खोके कापून ड्रॉवर केले. धाकटीला त्या खडूच्या चौकटीत आडवं व्हायला लावलं.

"मेलेय का मी? बाजूने रेघ कसली ओढतेस?"

"हलू नकोस. पाच फूट तीन. आता पाय लांब कर. झोपेत तू लाथा मारतेस, ते धरून दोन इंच जास्त."

"आणि तुझ्या घोरण्याला किती इंच?"

"घोरणं वर जातं. त्याला जागा लागत नाही."

ताई स्वतः पाच फूट एक. दोघी त्या चौकटीत शेजारी शेजारी पडून छताकडे बघत राहिल्या. फळीची लांबी साडेपाच फूट ठरली. सहा दिवस धाकटी त्या चौकटीला वळसा घालून चालत होती, जणू तिथे खरंच गाडी उभी आहे.

मग दुकानं. पहिल्या दुकानात पत्र्याचे तयार ड्रॉवर होते, काळे, चकचकीत. विकणाऱ्या माणसाने एका बोटाने ओढून दाखवला. "बघा बाई, लोण्यासारखा सरकतो."

"गाडी चढावर उभी असली की हे लोणी माझ्या गुडघ्यावर येईल," ताई म्हणाली. "उघडल्यावर अडकून राहायला काय आहे याला?"

काही नव्हतं. शिवाय नुसता रिकामा खोकाच इतका जड होता की त्यात सामान भरायची सोय उरली नसती. दुसऱ्या दुकानातले ॲल्युमिनियमचे हलके होते, पण ताईने पूर्ण उघडून टोकावर तळहाताने जोर दिला तर पुढून वाकले. तिसऱ्या ठिकाणी तिने ड्रॉवर बंद करून त्यावर कान ठेवला आणि बाजूने थोपटलं. "खडखडतोय. तीन महिने मी हे ऐकू?"

शेवटी सापडले मिस्त्री. शहराबाहेर, टायरच्या गोदामामागे त्यांची शेड होती. तिथे ते प्रवासी गाड्यांची आतली कामं करत. बुटके, कानावर पेन्सिल, बोलण्यात घाई नाही. ते प्लायवूडमध्ये मापाप्रमाणे करून देत. धूळ आत जाऊ नये म्हणून ड्रॉवरच्या तोंडाला रबराची पट्टी लावत, आणि सरकायचे चॅनेल असे वापरत की ड्रॉवर बंद असतानाही अडकतो आणि पूर्ण उघडल्यावरही. ताईने पुठ्ठ्याचा नमुना त्यांच्यापुढे मांडला तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले.

"असं गिऱ्हाईक आठ वर्षांत आलं नाही," ते म्हणाले. "कामाला येता का?"

"आत्ताच सुटलेय," ताई म्हणाली.

डावीकडे स्वयंपाकाचा ड्रॉवर, उजवीकडे हत्यारं आणि दोर. मधे एक अरुंद, औषधांचा. ताईच्या गुडघ्याचा पट्टा, धाकटीच्या डोकेदुखीच्या गोळ्या. गाडी शेडमध्ये सोडली. ताई घरी प्रत्येक कप्प्याच्या मापाच्या कापडी पिशव्या शिवायला बसली. धाकटी संध्याकाळी यायची, पिशव्या उचलून बघायची. "तुझ्यासारखं कुणाला जमणार नाही, ताई." हल्ली ती हे जरा जास्तच म्हणायला लागली होती. फोन आला की गॅलरीत जायची, हेही ताईच्या लक्षात आलं होतं. शिकायला येणाऱ्यांचे फोन असतील, एवढंच तिच्या मनात आलं.

एकच गोष्ट राहिली होती. मागची सीट काढायची तर नोंदणी कार्यालयाला कळवावं लागतं, आणि अर्जावर दोन्ही मालकांची सही लागते. धाकटीने सही करून अर्ज ताईच्या शिलाई मशीनवर ठेवला होता. "तेवढं करून टाक ना, मिस्त्री थांबलेत." ताईने अर्ज तिथेच बाजूला सरकवला. काम बघून येते आणि करते, म्हणाली. धाकटी म्हणाली, बघायला कशाला जातेस एवढ्या लांब, दोन बस बदलून? मी जाते की. ताईला वाटलं, माझ्या गुडघ्याची काळजी करतेय.

ती मंगळवारी गेली. सकाळी, कुणाला न सांगता. न सांगण्यासारखं त्यात काही होतं म्हणून नाही, धाकटी शिकवायला गेली होती आणि ताईला घरात करमेना, म्हणून.

गाडीचा मागचा दरवाजा वर उघडा होता. सीट अजून जागेवर होती, पण शेडमध्ये दोन लाकडी घोड्यांवर फळी तयार पडलेली होती, नुकती पॉलिश केलेली. ताईने तिच्यावर हात फिरवला. कडा छान गोल केल्या होत्या. मग तिने एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे. एकतीस वर्षं मापात गेलेल्या माणसाला टेप लागत नाही.

"मिस्त्री, ही आमची नाही."

"तुमचीच की."

"आमची साडेपाच फूट."

"होती. मॅडमनी फोन केला ना मागल्या आठवड्यात. सहा दोन करा म्हणाल्या. मी म्हटलं, पुढची सीट थोडी सरकवली की बसेल." त्यांनी कानावरची पेन्सिल काढून फळीच्या खालच्या बाजूला टकटक केलं. तिथे त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: ६ फूट २ इंच. "साहेब येऊन बघून पण गेले. सीट दुमडून गाडीत पाठ टेकून पडले. डोकं आपटलं बिचाऱ्यांचं. उंच आहेत चांगलेच."

ताईने विचारलं नाही, कोण साहेब. विचारायची गरज नव्हती. फळीशेजारी ड्रॉवरही तयार मांडले होते. तिने पुढे होऊन मधला उघडला, औषधांचा. तो आता अरुंद नव्हता, आणि त्यात करडा जाड फोम भरला होता. फोममध्ये गोल भोकं कापलेली होती. एक मोठं, दोन मध्यम, एक कॅमेऱ्याच्या आकाराचं. त्या घरात दोघींकडे मिळून एकही कॅमेरा नव्हता.

"पट्टा कुठे ठेवायचा मग?" ताई म्हणाली.

"कसला पट्टा?"

"काही नाही."

ड्रॉवर तिने ढकलला. तो आवाज न करता आत गेला आणि अडकला. काम उत्तम होतं. डाव्या बाजूला तिच्या नमुन्यातलं काही बदललेलं नव्हतं. पातेल्यांची जागा, सुऱ्यांची खाच, काडेपेटीसाठी तिने पुठ्ठ्यात कापलेला छोटासा कोनाडा, सगळं इंचाइंचाने तसंच उतरलं होतं. फक्त तिला वगळलं होतं. मिस्त्रींनी विचारलं, "बाई, बसता का? पाणी देऊ?" ती उभीच राहिली. काडेपेटीच्या कोनाड्यात तिने एक बोट घालून बघितलं, काढलं, आणि बस पकडायला निघाली.

धाकटी साडेसातला आली. दारातून, "ताई, माझा..." म्हणाली आणि थांबली, कारण ताई शिलाई मशीनपाशी नव्हती. ती बाहेरच्या खोलीत खुर्चीवर सरळ बसली होती, बाहेर जायचे कपडे तसेच अंगावर.

"मी आज शेडवर गेले होते."

धाकटीने पिशवी खाली ठेवली. चेहऱ्यावरून एकदा हात फिरवला. थंड डोक्याची होती, पण रंग लपवता आला नाही.

"मी सांगणारच होते."

"कधी?"

"ड्रॉवर बसल्यावर."

हे तिच्या तोंडून निघून गेलं. निघाल्यावर दोघींनाही ते नीट ऐकू आलं.

"म्हणजे माझं काम झाल्यावर," ताई म्हणाली.

"तसं नाही गं. तो... त्याला मी वर्षभर ओळखते. शिकायला आला होता. फोटो काढतो, रानावनातले. त्याला तिकडचे सगळे रस्ते माहीत आहेत. आणि तुझा गुडघा, ताई. तीन महिने दगडधोंड्यांत, जमिनीवर झोपायचं. मला वाटलं, तुला खरं तर यायचं नाहीच, माझ्यासाठी हो म्हणतेस."

"मी पाच आठवडे पुठ्ठा कापला."

"तुला आवडतं ते!"

"आवडतं," ताई म्हणाली. "म्हणून कापला नाही."

धाकटी भिंतीला टेकून खाली बसली. खडूच्या रेघा तिथे अजून पुसट दिसत होत्या. तिचे पाय नेमके त्यांच्यावर पडले होते. "तुला विचारलं असतं तर तू जा म्हणाली असतीस. खरं सांग. नसतीस म्हणाली?"

"असते म्हणाले."

"मग?"

"मग विचारायचं होतंस."

खाली दुकानात कुणीतरी काच मोडली, कापून झाल्यावर मोडतात तशी, एका झटक्यात. धाकटी रडायला लागली. तिचं रडणं ताईला लहानपणापासून ठाऊक होतं, नाक आधी लाल व्हायचं, मग डोळे. एरवी तिने उठून पाणी आणलं असतं. आज उठली नाही. तिला आठवत होतं ते भलतंच होतं: गेले तीन आठवडे धाकटी रोज त्या पिशव्या उचलून बघत होती, शिवण तपासत होती, परवा तर म्हणाली होती, ही थोडी लांब कर गं. का लांब, ते ताईने विचारलं नव्हतं. तिने ती लांब केली होती. काय मावायचं होतं त्यात? तिवई? त्या माणसाचे बूट?

केसाने गळा कापणे म्हणतात ते हेच, तिच्या मनात आलं. आणि केस विंचरून, तेल लावून आपणच दिला होता.

पुढचे नऊ दिवस दोघी त्या दोन खोल्यांत कामापुरतं बोलल्या. दूध आणलंय. नळ गळतोय. धाकटीने दोनदा सुरुवात केली. पहिल्यांदा म्हणाली, पुढच्या वर्षी आपण दोघी जाऊ, नक्की. ताईने ऐकून घेतलं. दुसऱ्यांदा म्हणाली, "त्याने रजा काढलीय, ताई. त्या अर्जावर सही केलीस तर..." आणि अर्ज मशीनवरून उचलून तिच्यासमोर धरला.

ताईने चष्मा लावला. अर्ज पूर्ण वाचला, मागची बारीक अक्षरंसुद्धा. धाकटीच्या सहीशेजारची रिकामी रेघ बघितली. आयुष्यभर आपण ही रेघ कुठे ना कुठे भरत आलो, असं तिला वाटलं. कुणी मागितलं म्हणूनही नव्हे. रिकामी दिसली म्हणून.

"माल मी बघितला," ती म्हणाली. "सही करत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे सीट निघणार नाही."

"ताई, असं काय करतेस? तू अशी नाहीस."

"हो," ताई म्हणाली. "तेच धरून चालली होतीस तू."

दुसऱ्या दिवशी तिने मिस्त्रींना फोन केला. सीट जागेवर ठेवायची. तिच्या मागे जेवढी जागा उरते तेवढ्यातच ड्रॉवर बसवायचे, पावणेतीन फुटांचे. मिस्त्री जरा घुटमळले. "आणि फळी? ती तर कापून तयार आहे. मग झोपणार कुठे?"

"लोक खोली घेऊन झोपतात."

"मॅडमना विचारू का एकदा?"

"जरूर विचारा. पण कागदावर पहिलं नाव माझं आहे, ते बघून मग विचारा." ताईचा आवाज जरा उतरला. "फळी पावणेतीनवर कापा, मिस्त्री. फोम काढा. आणि कडा पुन्हा गोल करा, आता आहेत तशाच."

त्यांनी विचारलं नसावं. गाडी आणायला दोघींना एकत्रच जावं लागलं, कारण ताईला चालवता येत नव्हतं. दोन बस बदलून, शेजारी शेजारी बसून, न बोलता. शेडमध्ये मिस्त्रींनी मागचा दरवाजा वर उचलला आणि लगेच हात पुसायला फडकं शोधायला गेले.

धाकटी बघत राहिली. सीटची पाठ, तिच्या मागे आखूड, नेटके ड्रॉवर, वर फळीचा एक तुकडा. एखादी बॅग आडवी ठेवता येईल एवढा. जमिनीवर बाजूला उरलेला लांब तुकडा पडला होता, त्याच्या खाली पेन्सिलीचे आकडे दिसत होते.

"हे तू ठरवलंस?"

"हो."

"मला न विचारता?"

"हो."

धाकटीने डावीकडचा ड्रॉवर ओढला, पूर्ण उघडेपर्यंत, आणि सोडला. तो अडकून तसाच राहिला. तिला बंद करता येईना. खालची कळ दाबावी लागते हे तिला माहीत नव्हतं. ती एकदा ढकलत होती, एकदा ओढत होती. ताई बघत होती. कळ कुठे आहे ते सांगायला तिचं तोंड उघडलंही. मग तिने ते मिटलं. शेवटी मिस्त्रींनीच येऊन दाबली.

जिंकल्यासारखं ताईला काही वाटलं नाही. तिला आता त्या तुटक रेघेच्या पलीकडे जायचंही नव्हतं. निदान या बहिणीबरोबर, या गाडीतून तरी नाही. तो माणूस आणि धाकटी दुसऱ्या कुठल्या तरी गाडीतून जातीलच, आज नाहीतर पुढच्या महिन्यात, हेही तिला कळत होतं. पण तिच्या हाताने लावलेल्या कप्प्यांवर अंथरूण घालून नाही.

धाकटी पुढे जाऊन बसली, शेजारच्या सीटवरची धूळ हाताने झटकली आणि दार उघडून धरलं. ताई त्या दारावरून पुढे गेली. तिने मागचं दार उघडलं, एक हात गुडघ्यावर दाबून, दुसऱ्याने वरची मूठ धरून स्वतःला वर ओढलं आणि मागच्या सीटवर बसली. सीट रुंद होती, मऊ होती. दीड महिना गाडी घरी होती, पण इथे बसून तिने कधी पाहिलं नव्हतं.

धाकटीने वाकून पुढचं दार ओढून घेतलं. आरसा सरळ केला. आरशात तिचे डोळे दिसले, नाक लाल व्हायला लागलं होतं. ताईने तोंड खिडकीकडे फिरवलं. बाहेर जुन्या टायरांची रास होती, एकावर एक, कुणी न लावलेली.

"कुठे जायचं?" धाकटीने विचारलं.

"घरी," ताई म्हणाली, आणि सीटचा पट्टा ओढून लावला.